एक माणूस जास्त

१

तुम्ही कधी माणसं मोजली आहेत का? हजेरी घेऊन नाही, नावं वाचून नाही. नुसती डोकी. वळणारी, हसणारी, खाली वाकून बुटाची नाडी बांधणारी डोकी.

मी एकोणीस वर्षं तेच काम करते आहे. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं, उतरवायचं आणि मोजायचं. मुलं मला बसमावशी म्हणतात. आता गल्लीतली मोठी माणसंही तेच म्हणतात. मोजायचे माझे दोन नियम आहेत. एकदा पुढून मागे मोजायचं आणि एकदा मागून पुढे. आणि स्वतःला विसरायचं नाही, कारण बसच्या वहीत ड्रायव्हरकाका आणि मी धरून आकडा लिहावा लागतो. कामावर नवीन बाई आली की पहिल्या आठवड्यात तिची हीच चूक होते. ती स्वतःला सोडून मोजते आणि एक कमी आलं म्हणून रडायला लागते.

एक कमी आलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे. जास्त मात्र कधी आलं नव्हतं. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

२

माझी लेक लांबच्या शहरात असते. तिचे दिवस भरत आले होते. जावई जहाजावर नोकरीला, त्यांची सुट्टी पुढच्या महिन्यातली. म्हणून लेकीनं दोन महिने आधीच आमची दोघांची विमानाची तिकिटं काढून ठेवली होती. स्वस्तातली, परत न करता येणारी.

आमचे हे सुतार. आयुष्यभर शिड्यांवर चढले, पडले ते घराच्या एका पायरीवरून. निघायच्या आठ दिवस आधी. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी सहा आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलं. तसे हे सोसणारे आहेत. तरुणपणी मशीनवर डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं होतं, तेव्हाही त्यांनी चेष्टाच केली. अजून करतात. "तू सगळं मोजतेस, पण माझी बोटं मोजू नकोस," म्हणतात, "साडेनऊच भरतील."

ज्या दिवशी निघायचं त्याच दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं.

"आई, मला आत नेतील तेव्हा तू असशील ना?"

"असेन."

"नक्की?"

"नक्की. तू डोळे मिटून पड."

रस्त्यानं गेलं तर सोळा तास लागतात. विमानानं पंचावन्न मिनिटं. आणि आमच्या गावाहून दिवसाला एकच विमान सुटतं, संध्याकाळी पाऊणसहाला.

मी निघताना यांच्या उशाशी पाणी, गोळ्या आणि फोनचा चार्जर ठेवला. शेजारच्या वहिनी दोन वेळचं जेवण देणार होत्या.

"जा तू निवांत," हे म्हणाले. "मी काय पळून जाणार आहे?"

३

आमच्या गावचा विमानतळ म्हणजे एक लांबट हॉल. जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सामान तपासायचं एक मशीन, वजनकाटा आणि एकच काउंटर. काउंटरवर एक मुलगी होती, पंचवीसेक वर्षांची, केस घट्ट बांधलेले. तिनं माझ्या बॅगेचं वजन केलं. मग तीच बॅग ढकलत मागच्या दारातून घेऊन गेली. थोड्या वेळानं तीच माइकवर बोलताना ऐकू आली. पुढे गेटवर बोर्डिंग पास फाडायलाही तीच उभी.

"विमान पण तूच चालवणार का गं?" मी विचारलं.

"सांगितलं तर तेही करावं लागेल, मावशी," ती म्हणाली आणि हसली. थकली होती बिचारी.

काउंटरवर तिनं माझ्याबरोबर यांचाही पास छापला होता. एकाच तिकिटावर दोघांची नावं होती ना. मी म्हटलं, "ते येत नाहीयेत. पाय मोडलाय."

"अरेरे," ती म्हणाली. तिनं यादीत यांच्या नावावर पेनानं रेघ मारली. छापलेला पास मात्र माझ्याच हातात राहिला. मी तो पर्समध्ये टाकला. फेकून देववेना.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या विमानतळाच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नाहीत. सूर्य मावळला की तिथून काही उडत नाही. त्या दिवशी शेवटची वेळ सहा वीसची होती. समोरच्या भिंतीवर लावलेल्या कागदावर तसं लिहिलंच होतं.

४

विमान छोटं, पंख्याचं. मधे अरुंद वाट आणि दोन्हीकडे दोन-दोन सीट. मला अकराव्या ओळीतली खिडकी मिळाली. शेजारची सीट यांची, ती रिकामी. मी तिच्यावर पर्स ठेवली. लगेच एअर होस्टेसनं मला ती पायाशी ठेवायला लावली.

साडेपाचला सगळे बसले. एअर होस्टेस हातात मोजायचं छोटं यंत्र घेऊन निघाली. एका डोक्याला एकदा बटण दाबायचं. मला ते आवडलं. आम्हाला असं काही देत नाहीत. ती मागे पोचली, यंत्राकडे पाहिलं, आणि परत पुढे मोजत आली. दाराशी काउंटरवाली मुलगी यादी घेऊन उभी होती.

"बेचाळीस," एअर होस्टेस म्हणाली.

"एकेचाळीस," मुलगी म्हणाली. "फाडलेले पास एकेचाळीस आहेत."

"मी दोनदा मोजलं."

"मीपण."

माझ्या पुढच्या सीटवर औषधं विकणारा एक गृहस्थ होता, मांडीवर नमुन्यांची बॅग घेऊन बसलेला. तो मोठ्यानं म्हणाला, "कोणीतरी लटकून आलेलं दिसतंय." दोघंतिघं हसले.

तिसऱ्यांदा मोजलं. बेचाळीस.

मला त्या पोरीची दया आली. आकडा जुळला नाही की मानेवर कसा घाम येतो, मला माहीत आहे. मी मनाशी म्हटलं, बटण दोनदा दाबलं जात असेल. किंवा कोणीतरी सीट बदलली असेल. एखादं मूल मांडीवरून खाली उतरलं असेल. पण त्या विमानात मूल नव्हतं.

५

मग त्यांनी प्रत्येकाचा पास तपासला. पुढच्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकेक. प्रत्येकाकडे पास होता, प्रत्येकावर नाव होतं, प्रत्येक जण आपल्याच सीटवर होता. एकेचाळीस पास. संडासाचं दार उघडून पाहिलं. आत कोणी नव्हतं. सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

"आता पास जुळले," मुलगी म्हणाली. "शेवटचं एकदा मोज आणि दार लाव."

एअर होस्टेसनं मोजलं. वाटेच्या टोकाशी ती तशीच उभी राहिली. यंत्र तिनं तळहातात झाकून धरलं होतं, कोणाला दिसू नये असं.

बाहेर ऊन लाल झालं होतं. खिडकीतून धावपट्टीच्या कडेचं गवत दिसत होतं आणि त्यावर विमानाची सावली, खूप लांब झालेली. मला लेकीचा आवाज ऐकू येत होता. नक्की?

मी हात वर केला. "मी मोजू का? माझं कामच आहे ते."

"हो, मावशींना मोजू द्या," औषधवाला म्हणाला. "नाहीतर इथेच मुक्काम."

एअर होस्टेस बाजूला झाली. मी उठले. आधी स्वतःला धरलं, एक. मग पुढे जाऊन पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मी सीटच्या पाठीला हात लावत मोजते, म्हणजे चुकत नाही. शेवटच्या ओळीशी पोचले. बेचाळीस.

मागून पुढे मोजलं. बेचाळीस.

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. प्रत्येक ओळीला मी कोणता आकडा म्हटला ते मला आठवत होतं. दहाव्या ओळीचा आठवत होता, बाराव्या ओळीचाही आठवत होता. माझ्या स्वतःच्या ओळीपाशी मात्र मी काही म्हणायला नको होतं. मला तर आधीच मोजलं होतं आणि शेजारची सीट रिकामी होती. तिथे मी काही म्हटलं की नाही, ते आठवत नव्हतं. हाताला सीटचं कापड लागल्याचंही आठवत नव्हतं.

६

वैमानिक बाहेर आले. वयस्कर, सभ्य माणूस. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "सहा बारापर्यंत आकडा जुळला तर निघू. नाहीतर आज रद्द. माझा नाइलाज आहे. माणूस जास्त असताना मी दार लावणार नाही."

काउंटरवाल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती यादी पुन्हा पुन्हा वरून खाली वाचत होती. सहा नऊ झाले.

मी मुळात खोटं बोलणारी बाई नाही. पण मी जागेवर येऊन पर्स उघडली आणि यांचा पास बाहेर काढला. आत्ता विचारलंत तर मी असं सांगेन की मला नुसतं जायचं होतं. तेही खरं आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला नंतर कळली. बसमध्ये एखादं मूल आकड्यात बसत नसेल, तर आपण त्याला उतरवून देत नाही. आपण वहीतला आकडा बदलतो.

"हा फाडायचा राहिला," मी म्हटलं. "हे आहेत माझ्याबरोबर."

मुलीनं पास घेतला. यादीतली स्वतःच मारलेली रेघ पाहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या शेजारच्या सीटकडे. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मी समोर बघत होते.

"शेवटी आले का काका?" ती हळूच म्हणाली.

"आले."

"मग आधी सांगायचं ना, मावशी. केवढा घोळ झाला."

तिनं पास फाडला. यादीवर बेचाळीस लिहिलं. दार लागलं. ती धावपट्टीच्या कडेला उभी राहून हात हलवताना मला खिडकीतून दिसली, आणि मग मागे गेली.

विमान वळायच्या आधी एअर होस्टेस माझ्या ओळीपाशी थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"काका, बेल्ट," ती म्हणाली.

माझा बेल्ट लावलेला होता. शेजारी बकल लागल्याचा आवाज झाला.

७

मी खिडकीकडेच तोंड करून बसले. खाली दिवे लागत होते. मला एकच भीती होती, आणि ती मी मनातसुद्धा नीट बोलले नाही. वाटलं, घरी काहीतरी झालं असेल. हे गेले असतील आणि माझ्यामागून आले असतील. तसं असेल तर घाबरायचं कशाला, माझाच माणूस आहे. असं मी स्वतःला समजावत होते, आणि तरी मान वळवत नव्हते.

एअर होस्टेस पाणी आणि बिस्किटं विकायला आली. स्वस्तातलं विमान, पाणीही विकतच. तिनं वाकून मला विचारलं, "काकांना बरं नाही का? हात फार गार आहेत त्यांचे."

"त्यांना थंडी लवकर वाजते," मी म्हटलं. शब्द आपोआप आले.

माझ्या खांद्यावर राखाडी लोकरीची शाल होती, लेकीनं दिलेली. मी ती काढली आणि तोंड न वळवता शेजारी पांघरली, अंदाजानं, मुलांना झोपेत पांघरूण घालतो तशी. शाल सीटवर पडली नाही. मधेच राहिली. मी हात काढून घेतला.

थोड्या वेळानं आतले दिवे मंद केले. बाहेर अंधार झाला आणि खिडकीची काच आरशासारखी झाली. मला माझा चेहरा दिसला. माझ्या खांद्यापलीकडे शालीचा काठ दिसला, आणि काठाखालून आलेला एक डावा हात. तो गुडघ्यावर पालथा ठेवलेला होता. बोटं जुळवून, सरळ. शांत बस म्हणून सांगितल्यावर मुलं ठेवतात तसा.

मी बोटं मोजली. सवयच ती. पाच. पूर्ण पाच.

हे नव्हते ते.

मला ओरडता आलं असतं. पण तो हात इतका नीट ठेवला होता. उठवतील, उतरवतील, या भीतीनं जणू तो अजिबात हलत नव्हता. मी काचेवर शेवटपर्यंत उजेड पडू दिला नाही. तळहातानं काच झाकून बसले.

८

विमान उतरल्यावर सगळे उठले. मी शेवटपर्यंत बसून राहिले. शेवटी वळून पाहिलं तेव्हा सीट रिकामी होती. बेल्ट सोडलेला होता. शाल नव्हती. सीटखाली पाहिलं, पुढच्या खणात पाहिलं. नाहीच.

बाहेर येताच यांना फोन लावला. तीन घंट्या वाजल्या. चौथीला उचलला.

"पोचलीस? विमान पडलं नाही ना?"

"तुम्ही बरे आहात?"

"मला काय धाड भरलीय? वहिनींनी जेवण फार तिखट केलंय, तेवढं सोडलं तर झकास. रडतेस कशाला?"

"काही नाही. बोट कसं आहे?"

"बोट? पाय मोडलाय माझा. बोट तुटून तीस वर्षं झाली."

मी हसले. खरंच हसले. मग रिक्षात बसल्यावर मनात आलं, हे घरी सुखरूप आहेत, तर मग शेजारी बसलेलं ते कोण होतं.

दवाखान्याच्या दाराशी रखवालदारानं मला थांबवलं. पेशंटजवळ एकालाच राहू देत होते. तो टेबलावर पासची वही उघडून बसला होता.

"दोघं आहात ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

त्यानं माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं. मग पास लिहून मला दिला आणि मागे बघूनच समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, मग तुम्हाला खालीच बसावं लागेल. तिकडे बाक आहे बघा."

मी वळले नाही. जिना चढले. एकोणीस वर्षांत मी कोणालाही खाली सोडून वर गेले नव्हते, आणि प्रत्येक पायरीला मला तेच टोचत होतं. विमानात ज्याला आपला म्हटलं, त्याला दारात नाही म्हटलं. भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

लेक अजून जागी होती. तिनं माझा हात पकडला. "आई, तुझी शाल कुठे आहे?"

"राहिली कुठेतरी."

"थंडी वाजेल तुला."

"मला नाही वाजत," मी म्हटलं, आणि तिच्या केसांतून हात फिरवत बसले. खाली जाऊन बाकाकडे बघून यावं असं दोनदा मनात आलं. गेले नाही. तिच्याजवळ थांबायचं कबूल केलं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिला आत नेलं. दारापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. सात चाळीसला मला नात झाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की दोघी सुखरूप आहेत. मी लगेच यांना फोन लावला आणि बातमी सांगत होते, तेवढ्यात कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून नर्स बाळाला घेऊन आली. बाळ माझ्या राखाडी शालीत गुंडाळलेलं होतं.

"आजोबा त्या दाराशी उभे होते, म्हणून आधी त्यांच्याकडे दिलं," ती म्हणाली. "इतक्या जपून धरलं त्यांनी. आणि ही तर सोडायलाच तयार नव्हती. त्यांचं ते अर्धं बोट मुठीत घट्ट धरून बसली होती."

काल काचेत मी पूर्ण पाच बोटं मोजली होती. मी एका हातानं बाळाला घेतलं. दुसऱ्या हातात फोन होता, तसाच कानाला लावलेला. तिकडून हे विचारत होते, "कोण आजोबा?"